गावाने धाडले, घराने बोलावले

शिवरामभाऊ मांढरे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावे, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा सोबत एक सूचनाही केली. ‘शकुंतलाबाई, आदरानं लिहा हं. तुमचं तोंड जरा...’ पुढचे त्यांनी गिळले. आदर तर आहेच. चाळीस वर्षे ज्यांच्यासोबत बसून प्रार्थना म्हटली त्यांच्याबद्दल आदर नसेल तर कोणाबद्दल असणार? पण गेल्या सात वर्षांत मला भाऊंचा रागही आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. तो राग आता उतरला आहे. मॉरिशसमधले धर्मकार्य पुरे करून भाऊ पुढच्या महिन्यात घरी येत आहेत. म्हणूनच हे सारे मोकळेपणाने लिहिता येते.

मी लग्न होऊन मोहटोल्यात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पोंभुर्णा तालुक्यातले हे आमचे गाव जंगलाच्या कडेला, मोठ्या तलावाच्या काठी वसलेले आहे. निम्मी घरे मासे धरणाऱ्या ढिवरांची, बाकी धान पिकवणाऱ्यांची. तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी टोपले देऊन मला तलावावर मासळी आणायला धाडले. पाहते तर छातीभर पाण्यात पाच-सहा माणसे जाळे ओढत होती आणि त्यातले एक गृहस्थ खड्या आवाजात अभंग म्हणत होते. तेच भाऊ. काठावर आल्यावर त्यांनी सगळ्यांचे वाटे लावले, माझ्या टोपल्यात वाटा टाकला आणि हात धुऊन स्वतः रिकाम्या हाताने निघाले. शेजारची बाई म्हणाली, ‘ते माळकरी हायेत. मासळी पकडते, पण खात नाई.’ माझी जीभ तेव्हाही आजच्यासारखीच होती. मी नव्या नवरीचा पदर सावरत विचारले, ‘भाऊ, खात नाई तं पकडता कायले?’

भाऊंना राग आला नाही. ते म्हणाले, ‘माह्या व्रतापायी दुसऱ्याच्या घरची चूल काऊन विझवू, बाई?’

एवढीच आमची पहिली ओळख. सासूबाईंनी घरी माझी चांगली खरडपट्टी काढली, ती वेगळी.

पुढे गावात अंगणवाडी आली आणि मी तिथे सेविका म्हणून लागले. भाऊंचे भजन मंडळ तेव्हा दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसे. प्रार्थना सगळ्यांची, पण खंजिरी मात्र पुरुषांच्याच हातात. बायांनी मागे बसून टाळ्या वाजवायच्या. एका गुरुवारी भाऊंनी आपली खंजिरी सरळ माझ्यापुढे धरली. दोन-चार म्हाताऱ्यांनी लगेच भुवया वर केल्या. ‘शिवराम, बाईमाणसाच्या हाती?’ असे एकाने विचारलेही. भाऊ म्हणाले, ‘तुमी डोळे मिटून बसता ना प्रार्थनेले? मंग कोनाचा हात वाजवून राह्यला ते तुमाले दिसलं कसं?’ पारावर हशा पिकला आणि प्रश्न तिथेच मिटला. मी त्या दिवशी इतकी बेताल वाजवली की आजही आठवले तर लाज वाटते. भाऊंनी मात्र मध्ये एकदाही थांबवले नाही. त्यांची शिकवण्याची पद्धतच तशी. ते आधी गाऊन दाखवत नाहीत. शिकणाऱ्यालाच सुरुवात करायला लावतात आणि म्हणतात, ‘आधी तू चूक, मंग मी सांगतो.’ या पद्धतीने त्यांनी गावातल्या तीन पिढ्यांना शिकवले. मंडळाची सचिवही मला त्यांनीच केले. हिशेबाच्या वेळी सगळे पुरुष गप्प बसतात आणि ही बाई बोलते, असे त्यांचे कारण होते.

परदेशाची गोष्ट निघाली ती मार्कंड्याच्या जत्रेत. महाशिवरात्रीला आमचे मंडळ दरवर्षी तिथे वैनगंगेच्या काठी भजनाला बसते. त्या वर्षी मॉरिशसहून आलेली दहा-बारा माणसे पुढे येऊन बसली. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांवर कामाला गेले आणि तिकडचेच झाले. अभंग त्यांना तोंडपाठ होते, पण अर्थ कोणालाच नीट ठाऊक नव्हता. त्यांच्या देवळातले जुने भजनीबुवा वारले होते आणि नवे कोणी तयार झाले नव्हते. भाऊंचे भजन त्यांनी तीन तास ऐकले आणि महिन्याभरात निमंत्रण धाडले: दोन वर्षे येऊन राहा, देवळातली प्रार्थना चालवा, आमच्यातले कोणी तरी तयार करा.

भाऊंचे वय तेव्हा अडुसष्ट. चंद्रपूरच्या पलीकडे फारसे गेलेले नाहीत. घरी अनसूयाबाई एकट्या, एकुलती मुलगी लग्न करून सिरोंच्याकडे दिलेली. भाऊंनी निर्णय गावावर सोडला. पारावर सभा भरली आणि गावाची छाती फुगली. आमच्या तलावावरचा माणूस समुद्रापलीकडे देवाचे काम करायला जाणार, याहून मोठे काय? अनसूयाबाईंना कोणीतरी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘दोन वर्षाचं तं काम आहे.’ सभेत ठरले, आणि भाऊ हात जोडून म्हणाले, ‘गाव धाडून राह्यलं म्हणून जाऊन राह्यलो. गाव बोलावन तवा येईन.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला किती छान वाटले होते ते.

निरोपाच्या दिवशी नारळ फोडला, ओवाळले. आमच्याकडे रीत आहे की शुभकामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, नाही तर कामात विघ्न येते. भाऊ बल्लारपूरच्या गाडीत बसले आणि गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर अख्खे गाव तोंडाला कुलूप लावून उभे होते. अनसूयाबाईही. ते कुलूप आम्ही पुढे सात वर्षे काढलेच नाही, आणि माझा राग होता तो यावर.

तिथले भाऊंचे काम काय सांगावे? ते स्वतः कधी सांगत नसत. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन माझ्याकडे येई, मी तो घेऊन अनसूयाबाईंच्या अंगणात जाई. भाऊ इकडचेच विचारत. तलावात पाणी किती, धान निसवून लोंब्या आल्या का, पारावर कोण कोण बसते. त्यांचे तिथले मोठेपण आम्हाला कळले ते मालतीकडून. मालती ही तिथली त्यांची शिष्या. पावाच्या भट्टीत कामाला जाते, मराठी आता बऱ्यापैकी बोलते. एकदा भाऊंना ताप होता म्हणून फोन तिने घेतला आणि मला म्हणाली, ‘तुमचे भाऊ कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे का?’ मग तिने सांगितले. तिचे वडील वारले तो दिवस मोठ्या वादळाचा होता. रस्त्यांवर झाडे पडलेली, गाड्या बंद. शेजारीही येऊ शकले नव्हते. भाऊ पाच तास चालत, ओलेचिंब होऊन तिच्या दारात पोचले. अंत्यविधी केला आणि पुढे तेराही दिवस रोज गेले. दक्षिणा घेतली नाही. तिच्या आईला तिकडची भाषा सोडून काही येत नव्हते आणि भाऊंना ती भाषा येत नव्हती. तरी रोज तासभर ते तिच्या आईजवळ नुसते बसून राहत. मालती म्हणाली, ‘आई त्या तासात जेवायची. एरवी नाही.’ हे ऐकून मी फोनवर रडले. भाऊंना विचारले तर म्हणाले, ‘पाऊस होता खरा.’

असे त्यांचे काम वाढत गेले. लोक एका गावातून दुसऱ्या गावात बोलावू लागले. अर्थ कळल्याशिवाय अभंग गायचा नाही, असा दंडक भाऊंनी घातला, त्यामुळे काम सावकाश होई. दोन वर्षे संपली. मग साथीचा काळ आला, विमाने बंद. तो गेला, तोवर चार झाली. मुदतवाढ आली, आणखी एक आली. जाण्यायेण्याचा खर्च देवळावर नको म्हणून भाऊ मध्ये एकदाही आले नाहीत.

आणि इकडे आम्ही शहाणी माणसे काय करत होतो? ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होतो. धर्मकार्याला गेलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, परत बोलावायचे नाही, हे आम्ही निरोपाच्या रीतीवरूनच ठरवून टाकले होते. तलावाच्या पाळीवर पाय घसरून अनसूयाबाईंचे मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर होते, वेणीसुद्धा मी घालून देत होते. रविवारी फोन आला की त्या प्लास्टरचा हात पदराखाली घेत, जणू नुसत्या आवाजाच्या फोनमधूनही तो दिसणार होता, आणि मला डोळ्यांनी दटावत. मी म्हणायची, ‘सगळं ठीक आहे, भाऊ.’ एका वर्षी वाऱ्याने अर्ध्या छपराची कवेलू उडाली. सगळं ठीक आहे. धानाच्या रोवणीला बाया मिळाल्या नाहीत, बाई एकट्या बांधीतल्या चिखलात उतरल्या. सगळं ठीक आहे. भाऊ दर वेळी विचारत, ‘गावाले माह्यी काही गरज?’ मी छाती पुढे काढून उत्तर देई, ‘अजिबात नाही. तुम्ही निश्चिंत राहा.’ मला वाटे, मी त्यांचा भार हलका करत आहे.

बाई कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त एकदा, प्लास्टर निघाल्यावर मला म्हणाल्या, ‘शकू, बाजूच्या घरी नवरा-बायको भांडते ना, तवा मी भिंतीले लागून बसतो. बरं वाटते.’ मी हसले. बाई काय सांगत होत्या ते घरी आल्यावर उमगले.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यातला रविवार. तोवर फोनवर एकमेकांचे तोंड दिसू लागले होते. अनसूयाबाई अंगणात आंबाडीची भाजी निवडत होत्या आणि मी फोन धरून बसले होते. भाऊ थकलेले दिसले. म्हणाले, ‘देवळाची कमिटी आणखी तीन वर्षं राहा म्हणते. खोली बांधून देतो म्हणते. शुक्रवारी सही कराची आहे. गावाचं काय म्हणणं?’

तीन वर्षे. भाऊ पंचाहत्तरीला टेकलेले, बाई सत्तरीच्या. आणि तरीही, वाचकहो, माझ्या तोंडून निघाले काय? ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, भाऊ. इकडची काळजी...’

‘आण तो फोन,’ अनसूयाबाई म्हणाल्या. हातातली भाजी त्यांनी सुपात ठेवली. त्या काय बोलणार ते मला कळले आणि मी मूर्खासारखी कुजबुजले, ‘बाई, मागून हाक मारू नये.’

‘मागून कुठी मारून राह्यली?’ त्या म्हणाल्या. ‘हे काय, समोर तं बसले आहेत.’ आणि फोन तोंडासमोर धरून, लग्नाच्या पन्नास वर्षांत बहुधा पहिल्यांदा, त्या नवऱ्याकडे सरळ पाहून बोलल्या, ‘झालं तेवढं लय झालं. आता घरी या.’

भाऊंनी उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, ‘येतो. पाच वर्षं झाली, हेच ऐकाची वाट पाहून राह्यलो होतो. दर आइतवारी वाटे, आज कोणी म्हणन.’

आता मात्र माझा तोल गेला. मी फोन हिसकावलाच. ‘मग तुम्ही आपणहून काऊन नाही आलात, भाऊ?’

‘गावानं धाडलं होतं, बाई. गाव बोलावन तवा येईन म्हटलं होतं. तुमी दर खेपी म्हणा, गरज नाई. मंग न बोलावता कसा येऊ?’

घ्या. आम्ही अपशकुन नको म्हणून बोलावत नव्हतो आणि ते बोलावणे नाही म्हणून येत नव्हते. मी भाऊंना त्या दिवशी काय काय बोलले ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. गुरूला असे बोलायचे नसते, हे मला मान्य आहे. भाऊंनी सगळे ऐकून घेतले आणि शेवटी म्हणाले, ‘चूक माह्यीच जास्त. मी शब्दाले धरून बसलो, माणसाले धराले पाह्यजे होतं.’ पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, आपल्या शिष्येपुढे, असे कबूल करायला किती मोठे मन लागते? मी तरी दुसरा असा माणूस पाहिलेला नाही. माझा राग तिथेच अर्धा वितळला.

शुक्रवारी त्यांनी सही केली नाही. पण लगेच गाठोडे बांधून निघालेही नाहीत. हातातले काम अर्धवट टाकणे त्यांच्या रक्तात नाही. कमिटीला त्यांनी सहा-सात महिने मागितले आणि देवळाची गादी मालतीच्या हाती द्यायचे ठरवले. तिथेही आपल्या पारासारखेच झाले. बाईच्या हाती गादी? भाऊंनी त्यांना आमच्या पारावरचेच उत्तर दिले असावे, कारण मालती म्हणाली की लोक आधी हसले आणि मग गप्प झाले. तेव्हापासून दर गुरुवारी प्रार्थना मालती सुरू करते आणि भाऊ एकेक ओळ मागे सरकत बसतात. आधी तिच्या शेजारी, मग टाळकऱ्यांत. गेल्या महिन्यात ते अगदी शेवटी, दाराजवळ, चपला काढतात तिथे बसले. त्या रविवारी त्यांचा आवाज फार हलका होता. म्हणाले, ‘शकुंतलाबाई, काल-परवा मले तिथी कामच नव्हतं. एक जागी पोरगी चुकली, तिनंच सुधारलं. माह्या जीवाले असं बरं वाटलं, काय सांगू.’ ऐकून माझाही जीव भांड्यात पडला. माणूस काम टाकून येत नव्हता, पुरे करून येत होता.

त्यांची स्वतःची खंजिरी ते मालतीला देऊन येत आहेत. तिथल्या लोकांनी भेटवस्तूंचा ढीग लावला, त्यातले एक घोंगडीवजा पांघरूण तेवढे त्यांनी घेतले, बाईंसाठी. बाकी सगळे देवळात वाटून टाकले. तिथून इथवर दोन विमाने, मग नागपूरहून बल्लारपूरपर्यंत रेल्वे. तिकीट झाले आहे. मी डोळ्यांनी पाहिले आहे, कोणाच्या सांगण्यावर आता विश्वास ठेवत नाही.

गावात सत्काराची तयारी जोरात आहे. स्टेशनावरून मिरवणूक, पारावर सभा, या ग्रंथाचे प्रकाशन. आमदार येणार की नाही यावर कमिटीत दोन तट पडले आहेत, ते चालू द्या. भाषणे करणाऱ्यांना सचिव या नात्याने माझी एकच विनंती आहे. पाच मिनिटांत आटपा. भाऊंना घरी जायचे आहे.

परवा मी तारीख सांगायला अनसूयाबाईंकडे गेले. मला वाटले, त्या हरखतील. त्या ऐकत होत्या, हात पुसत होत्या. मग त्यांनी विचारले, ‘किती दिवसासाठी?’

सात वर्षांत आम्ही या बाईला काय शिकवले, ते त्या दोन शब्दांत आले होते. कायमचे येत आहेत, हे मी सांगू शकत होते. पण माझे ‘ठीक आहे’ त्यांनी सात वर्षे ऐकलेले. मी रविवारची वाट पाहिली नाही. तिथेच फोन लावला, भाऊंना म्हटले, ‘बाई काय विचारतात ते ऐका,’ आणि फोन त्यांच्या हाती दिला. बाईंनी पुन्हा तेच विचारले, ‘किती दिवसासाठी येऊन राह्यले?’

भाऊ म्हणाले, ‘आता जाणं नाई. जेवढे दिवस आहेत तेवढे सारे घरी.’

बाई म्हणाल्या, ‘मंग ठीक आहे.’ आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेल्या. मी हाक मारली नाही, ओसरीवर बसून राहिले.

अशा प्रसंगी शतायुषी व्हा असे लिहायची पद्धत आहे. मी आकडा घालत नाही. भाऊंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचा गळा असाच खडा राहो. परवा फोनवर बाईंना दिलेला शब्द पाळायला त्यांना पुष्कळ, पुष्कळ वर्षे मिळोत. आणि तो पाळलेला पाहायला तेवढीच वर्षे अनसूयाबाईंना मिळोत.